उगमाजवळचा उकिरडा

भातसा धरणाचे पाणी भिंतीतून बाहेर पडताच लोखंडी नळात शिरत असेल आणि मुंबईतल्या एखाद्या मोरीत पोचेपर्यंत त्याला उजेड दिसत नसेल, अशी मुंबईकरांपैकी पुष्कळांची समजूत असते. आणि शेजारच्या तानसेच्या बाबतीत ती बरीचशी खरीही आहे, कारण तानसेचे थोरले नळ रानांतून आणि भातखाचरांतून शहराकडे निघालेले कोणालाही दिसतात. भातसेचा प्रकार मात्र निराळा आहे. शहापूर तालुक्यातील ह्या धरणातून सोडलेले पाणी खाली उतरले की पुन्हा नदीच होते, आणि नदी म्हणूनच, उघड्या पात्रातून, सुमारे ४८ किलोमीटरांची मजल मारून, खडवलीवरून भिवंडी तालुक्यातील पिसे येथील बंधाऱ्यापाशी येते. तेथे मुंबई महानगरपालिका ते उपसून घेते, पांजरापूरला शुद्ध करते, आणि मगच ते नळाचे होते. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांची एकत्रित क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर असून त्यांपैकी ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मी, एकट्या भातसेची आहे. ह्या ४८ किलोमीटरांच्या दोन्ही अंगांना गावे आहेत, पाडे आहेत, वीटभट्ट्या आणि ढाबे आहेत, आणि वासिंद-आसनगावकडे आता सदनिकांच्या इमारतीही उभ्या राहिल्या आहेत. त्या सर्वांचा कचरा कोठे पडतो आणि त्यावर देखरेख कोणाची, हा प्रश्न म्हणून केवळ शहापूरचा राहत नाही.

भातसानगर हे नाव ऐकून ज्याच्या डोळ्यांपुढे एखादे नगर उभे राहील त्याची तेथे निराशा होईल. धरणाच्या कामाबरोबर जन्मास आलेली ती सरकारी वसाहत आहे. ८८ मीटर उंचीची भिंत १९८३ च्या सुमारास पुरी झाली, आणि असल्या वसाहतींच्या नशिबी येते तसे कामापुरते गोळा झालेले मनुष्यबळ पुढे पांगले. भोवतालचा मुलूख ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि कुणबी ह्यांचा आहे. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण येथे कोणी अलंकार म्हणून वापरीत नाही. उन्हाळा लागला की टँकरच्या मागणीचे कागद पंचायत समितीच्या कचेरीत दाखल होऊ लागतात, आणि ज्या तालुक्याच्या पाण्यावर एक महानगर वाढले त्याच तालुक्यातील बाया तळ गाठलेल्या विहिरीभोवती ताटकळत बसतात. कचऱ्याचा विचार करताना ही कोरड विसरून चालत नाही. जेथे विहिरी पुष्कळ असतात तेथे एखादी नासली तर माणूस दुसरीकडे जातो. जेथे एकच असते तेथे नासलेलीच पितो.

ह्या विहिरीचा राखणदार म्हणून शासनाने ज्याला नेमले आहे तो प्राथमिक आरोग्य केंद्राचा आरोग्य सेवक. त्याचे पद लहान, फिरती मोठी आणि दप्तर त्याहून मोठे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने विहिरीत टीसीएल, म्हणजे विरंजक चूर्ण, टाकले की नाही, टाकले तर हजार लिटरांस पाच ग्रॅम ह्या मानाने टाकले की नाही, ती पावडर कोरड्या जागी ठेवली आहे की ओल लागून तिच्यातला क्लोरिन केव्हाच उडून गेला आहे, हे त्याने पाहावयाचे. अर्ध्या तासाने ओटीचा, म्हणजे ऑर्थोटोलिडिनच्या द्रावणाचा, थेंब टाकून पाण्याला पिवळी छटा येते का ते तपासावयाचे. नमुने प्रयोगशाळेकडे पाठवावयाचे आणि दूषित ठरलेल्यांचा पाठपुरावा करावयाचा. ह्याखेरीज वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, गावोगावच्या पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राखणाऱ्या आणि साथीपासून दूर राहणाऱ्या गावाला चंदेरी. लाल कार्डाची गावपुढाऱ्यांना थोडीफार लाज वाटते, एवढेच ह्या पद्धतीचे सामर्थ्य आहे, पण ते कमी लेखण्यासारखे नाही. सरकारी कागदाने लाज वाटण्याचे प्रसंग आपल्याकडे तसे विरळच.

घनकचरा ह्या माणसाच्या वहीत शिरतो तो विहिरीचा शेजारी म्हणून. स्रोताच्या आसपास सांडपाणी तुंबते काय, उकिरडा आहे काय, शौचखड्डा किती अंतरावर आहे, अशा प्रश्नांच्या उत्तरांत कचऱ्याची नोंद होते. जो ढीग विहिरीपासून लांब, ओहोळाच्या काठी किंवा रस्त्याच्या कडेला पडला असेल, त्याची नोंद ह्या सर्वेक्षणात सहसा येत नाही. आणि आली तरी आरोग्य सेवक शेरा मारू शकतो, दंड करू शकत नाही. कचरा उचलण्याचे कर्तव्य आणि तो टाकणाऱ्यास शासन करण्याचा अधिकार १९५८ च्या अधिनियमाने ग्रामपंचायतीकडे दिला आहे. नदीचे पाणी जलसंपदा खात्याचे, बंधाऱ्यापलीकडे ते महानगरपालिकेचे, रान वनखात्याचे, महामार्ग महामार्ग प्राधिकरणाचा, कचरा ग्रामपंचायतीचा, आणि आजार तेवढा आरोग्य खात्याचा, अशी ही वाटणी आहे. आणि जून उजाडला की वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास कोसळणारा पाऊस ह्या साऱ्या खात्यांचे एका रात्रीत एकत्रीकरण करून टाकतो. माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ येथे आहे. कचरा आणि पाणी ह्यांना जोडणारे निरीक्षण ज्याच्या हाती आहे त्याच्या हाती हुकूम नाही, आणि ज्याच्या हाती हुकूम आहे त्याला त्या निरीक्षणाची गरज वाटत नाही.

हे असेच असले पाहिजे असा काही निसर्गनियम नव्हता. मुंबई शहरात १८६५ च्या कायद्याने आरोग्याधिकाऱ्याचे स्वतंत्र पद निर्माण झाले तेव्हा गल्ल्यांची झाडलोट, मैला वाहणाऱ्या हलालखोरांची व्यवस्था आणि रोगराईचा बंदोबस्त ही कामे त्या एकाच पदाच्या अखत्यारीत होती, आणि त्या पदावरील डॉ. ह्यूलेट आणि पुढे प्लेगच्या काळातले डॉ. वेअर ह्यांचे वार्षिक अहवाल मलमूत्र, कचरा आणि मृत्यू ह्यांची गणना एकाच बांधणीत करीत. अर्थात तेवढ्याने शहर वाचले असे नाही. ज्या मुंबईने १८९२ साली शहापूरच्या रानातून तानसेचे पाणी नेले, त्याच मुंबईत चार वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवी भागातील एका रोग्याच्या अंगावर डॉ. अकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय वैद्यांना ग्रंथिक सन्निपाताची गाठ आढळली. पुढील धामधुमीत कचरा शहराबाहेर नेण्याच्या खटपटींना जोर आला, आणि १९०६ मध्ये कुर्ल्याहून चेंबूरपर्यंत लोहमार्ग घातला गेला तो माणसांसाठी नव्हे, कचऱ्यासाठी. उतारूंना त्या मार्गावर प्रवेश मिळाला तो १९२४ साली. त्या मार्गावर मुंबईच्या केराला मुंबईच्या चाकरमान्यापेक्षा अठरा वर्षे आधी आगगाडीचे भाग्य लाभले, ही गोष्ट त्या शहराच्या चरित्रकारांनी थोडी अधिक मनावर घ्यावयास हवी होती. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची समजली जाते. पाणी खेड्यातून आणावे आणि केर वेशीबाहेरच्या खाजणात नेऊन टाकावा, हा शिरस्ता तेव्हा पडला. वेस पुढे सरकत गेली तशी खाजणांची जागा इतरांच्या गावांनी घेतली. ठाण्याचा कचरा दिव्याला गेला, कल्याणचा वर्षानुवर्षे आधारवाडीला साचला, आणि मुंबईच्या कचऱ्यासाठी अंबरनाथजवळ करवले येथे जागा पाहिली गेली तेव्हा तेथील ग्रामस्थ आडवे आले.

खेड्याला मात्र कचरा ही वस्तूच फारशी परिचयाची नव्हती. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटिअरात राबाचे वर्णन आहे, आणि ते आजही शहापूर-मुरबाडच्या भातशेतीस लागू पडते: शेण, पालापाचोळा, झाडाच्या फांद्या, गवत आणि वरून माती, असे थर रोपाच्या जागेवर पसरून उन्हाळ्यात ते भाजावयाचे आणि त्या राखेत भाताचे बी पेरावयाचे. घरातली राख, गोठ्यातले शेण, उष्टेखरकटे, हे सारे परसातल्या उकिरड्यावर जाई आणि वैशाखात शेतात पोचे. उकिरड्याची दैना बारा वर्षांनीदेखील फिटते अशी म्हण आपल्याकडे आहे. ह्या मुलखात ती दर वर्षीच फिटत असे. राबाच्या धुराविषयी आणि त्यापायी होणाऱ्या झाडांच्या छाटणीविषयी वनखात्याने इंग्रजी अमलापासून तक्रार केली आहे आणि तीत तथ्यही आहे, परंतु जिचा धनी कोणी नाही अशी वस्तू त्या व्यवहारात निर्माण होत नव्हती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

ती निर्माण केली प्लॅस्टिकने, आणि प्लॅस्टिकमागोमाग आलेल्या रस्त्याने. दुकानातल्या तेलाची, शाम्पूची, वेफरची पुडी आज आडगावच्या पाड्यापर्यंत जाते; ती राबात घातली तर जळते, पण तिची राख रोपाच्या उपयोगाची नसते. मुंबई-नाशिक महामार्गाच्या ढाब्यांमागे द्रोण, पेले आणि बाटल्यांचे ढीग वाढत असताना ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही खुला झाला आणि ह्याच तालुक्यातून दुसरी मोठी वर्दळ सुरू झाली. सुटीच्या दिवशी खडवलीच्या पात्रात डुंबावयास येणारी शहरी मंडळी परत जाताना काय मागे ठेवून जातात, ते सांगण्यासाठी साहित्यिकाची आवश्यकता नाही. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. बाजारच्या दिवशी भाजीवाल्यापुढे घटकाभर उभे राहिले तरी तिच्या अंमलबजावणीची रुजवात पटते.

आरोग्य खात्याला हा नवा कचरा भिववितो तो कुजण्यामुळे नव्हे, न कुजण्यामुळे. टायर, फुटकी बादली, चहाचा पेला, नारळाची करवंटी, ह्यांत पावसाचे चार घोट पाणी आठ-दहा दिवस राहिले की डेंग्यूच्या डासाची एक पिढी तयार होते. म्हणून पावसाळ्यात आरोग्य सेवक आणि आशा कार्यकर्त्या घरोघर ‘कंटेनर’ पाहत फिरतात, अळी सापडली की भांडे उपडे करतात, उपडे न होणाऱ्या टाकीत टेमिफॉस हे अळीनाशक घालतात, मोठ्या साठ्यात गप्पी मासे सोडतात, आणि आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी ठेवा म्हणून सांगतात. ज्या गावात नळ चार दिवसांआड येतो तेथे कोरडा दिवस पाळा असे सांगणे किती अवघड आहे, हे सांगणाऱ्यासही ठाऊक असते.

८ एप्रिल २०१६ रोजी घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम निघाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत देवनारला आग लागून मुंबई धुरात गुदमरली होती आणि उच्च न्यायालयाने शहरातल्या नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे नियमांमागील मनःस्थिती समजते. त्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी वर्षाच्या आत जागा शोधून द्यावी आणि तिमाहीस आढावा घ्यावा असे होते, आणि भरावभूमी कोठे असू नये व कशी असावी ह्याचा काटेकोर तपशील होता: नदीपासून १०० मीटर, तळे, महामार्ग, वस्ती आणि पाण्याची विहीर ह्यांपासून २०० मीटर, तळाशी ९० सेंटिमीटर घट्ट माती आणि तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे अस्तर, रोज किमान दहा सेंटिमीटर मातीचा थर, आणि पावसाळ्यापूर्वी ४० ते ६५ सेंटिमीटरांचा. हे अंक हाती घेऊन शहापूरच्या नकाशावर बसले असता मोठी मौज होते. नदी, ओहोळ आणि धरणांची बुडिते वगळा. तानसा अभयारण्य आणि राखीव वने वगळा. दोन महामार्ग, लोहमार्ग आणि मुंबईचे नळ वगळा. गावठाण, पाडे आणि विहिरी वगळा. मग जी उरते ती बहुधा खाजगी भातजमीन, नाही तर उतारावरचे गुरचरण, आणि गुरचरणावर गुरे असतात.

मोठ्या भरावभूमीचा विचार नगरपंचायतींनी करावा, असे म्हणून ग्रामपंचायतीला बाजूला होता येईल. तिच्यासाठी स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात निराळी तरतूद आहे: पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावास घनकचऱ्यासाठी माणशी कमाल ६० रुपये, त्याहून मोठ्यास ४५, आणि तालुक्यास प्लॅस्टिकच्या एका केंद्रासाठी कमाल १६ लाख. दीड हजार वस्तीच्या गावाचा हिशेब नव्वद हजारांवर येतो. त्यात खतखड्डे होतात, वर्गीकरणाची एक शेड होते, एखादी तीनचाकी येते. ती ओढणाऱ्याचा पगार मात्र त्यात बसत नाही. पुसदच्या नारायण पांढरीपांडे ह्यांच्या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी, दहा फूट लांब, सहा रुंद आणि तीन उंच अशी विटांची जाळीदार नाडेप टाकी पुष्कळ गावांना ठाऊक आहे, आणि थरावर थर रचून तीन-चार महिने राखली तर ती उत्तम खत देते. पण तिच्यात ओल्यासोबत पिशव्या पडू लागल्या की ती खतटाकी न राहता चार भिंतींतला उकिरडा होते. कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात सोनखताचे प्रयोग करणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांनी ह्याचे मर्म फार पूर्वी ओळखले होते. त्यांच्या लेखी सफाई हे शास्त्र होते, आणि ते स्वतःच्या हातांनी करावयाचे होते. आपण त्यातला स्वतःचा हात तेवढा वगळला.

परीक्षकाचीही परीक्षा असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रोज सुया, पट्ट्या, सलाइनच्या नळ्या, प्रसूतीनंतरची वार, असा कचरा निघतो, आणि त्यासाठी मार्च २०१६ चे वेगळे नियम आहेत: पिवळा, लाल, निळा आणि पांढरा, असे चार रंग, आणि उपचाराविना ४८ तासांहून अधिक साठवणूक नाही. सामायिक प्रक्रिया केंद्राची गाडी जेथे पोचत नाही अशा दुर्गम जागी खोल खड्ड्यात पुरण्याची मुभा आहे. खड्डा दोन मीटरांचा, निम्मा भरला की चुना आणि माती, आणि भूजलाची पातळी तळापासून सहा मीटर खाली. आता सह्याद्रीच्या पायथ्याशी, काळ्या कातळावर हातभर माती असलेल्या ठिकाणी, भर ऑगस्टात भूजल सहा मीटर खाली असण्याची अपेक्षा नियमकर्त्याने कोणत्या ऋतूत केली असेल, असे विचारावेसे वाटते. ग्रामपंचायतीला उकिरड्याबद्दल पत्र लिहिणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला त्यामुळे आधी स्वतःच्या केंद्राच्या परसात जाऊन पाहावे लागते.

तरीही हुकूम आणि निरीक्षण एके ठिकाणी आले तर काय होते हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे जावे. खांबलिंगेश्वराची ही जत्रा गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. लांबून येणारे शेतकरी, व्यापारी, मिठाईवाले, पाळणेवाले आणि बैलांच्या रांगा मिळून त्या माळावर काही दिवसांपुरते शहरच वसते, आणि शेण, चिपाडे, उष्ट्या पत्रावळी व प्लॅस्टिक ह्यांचे शहराइतकेच उत्पन्न होते. अशा जत्रेपूर्वी तहसील, पोलीस, पंचायत समिती, ग्रामपंचायत आणि आरोग्य खाते एका बैठकीस बसतात. पाण्याचे टँकर तपासूनच आत घेणे, हॉटेलांची पाहणी, उपचाराचा तात्पुरता कक्ष, झाडलोटीच्या पाळ्या, हे सारे तेथे ठरते, आणि आरोग्य सेवकाने एखादा टँकर नाकारला तर शेजारी पोलीस उभा असल्यामुळे तो खरोखर नाकारला जातो. चार दिवसांसाठी जे जमते ते उरलेल्या तीनशे एकसष्ट दिवसांत का जमू नये, ह्याचे उत्तर द्रव्याच्या अभावात शोधण्याची आपल्याला सवय आहे. मला तसे वाटत नाही. जत्रेत साथ पसरली तर कोणाला विचारावयाचे हे त्या दिवसांत सर्वांस माहीत असते.

जागेचा प्रश्न शेवटी ग्रामसभेत येतो. शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे आणि मुरबाडची ७७ गावे त्यात मोडतात. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याखालच्या ग्रामसभेला डावलून येथे फार पुढे जाता येत नाही. आपल्या गावाच्या केरासाठी शेड घालावयाची तर लोक सहसा नाही म्हणत नाहीत. शेजारच्या बाजारगावाचा, ढाब्यांचा किंवा इमारतींचा केर आणावयाची भाषा निघाली की सभा तापते, कारण आधारवाडी आणि दिवा ही नावे कल्याण-ठाण्याला कामास जाणाऱ्या पोरांनी घरी आणलेली असतात. मग आरोग्य खात्याच्या माणसाला उभे करून विचारतात की साहेब, तुम्ही सांगा, विहिरीला बाधा होईल की नाही. तो नियमातले आकडे वाचून दाखवितो: शंभर मीटर, दोनशे मीटर, नव्वद सेंटिमीटर, रोज दहा सेंटिमीटर माती. ही माती रोज सांजेला कोण टाकणार, असे मागच्या बाजूने कोणीतरी विचारते. ग्रामपंचायत अधिकारी सरपंचाकडे पाहतो. सरपंच वर्गीकरणाच्या शेडचे अंदाजपत्रक पुढे सरकवितो. विषय पुढील सभेवर ठेवल्याची नोंद इतिवृत्तात होते, आणि आरोग्य सेवक ओटीची पेटी उचलून पुढच्या पाड्याच्या विहिरीकडे निघतो, कारण तिचा नमुना दुपारच्या आत केंद्रात पोचवावयाचा असतो.